छोटा टॉर्च घेताय? मोठा आकडा सोडा, छोटा आकडा बघा

राजमाचीला पहिल्यांदा रात्री गेलो तेव्हा माझ्याकडे टॉर्च नव्हताच, मोबाईल होता. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून गडाखालच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर चाल, वाट तशी सोपी, रुंद, चुकायला फारसा वाव नाही, पण जून महिना, आभाळ भरलेलं, आणि निम्म्या वाटेतच मोबाईल १२ टक्क्यांवर आला. पुढचे सगळे तास दुसऱ्याच्या उजेडात, त्याच्या मागे मागे, त्याच्या बुटांकडे बघत काढले. आल्यावर दोनच दिवसात तावातावाने ऑनलाईन टॉर्च मागवला, डब्यावर मोठ्या अक्षरात १,००,००० ल्युमेन, झूम होणारा, काळा, जड, सोबत शिट्टी पण फ्री. पुढच्या ट्रेकला वीस मिनिटात मरगळला आणि पाऊस लागल्यावर काचेच्या आतून वाफ धरली. शिट्टी अजून आहे.

त्यानंतर पाचसहा टॉर्च घेऊन झाले, काही वाया गेले, एक हरवला (त्याचं शेवटी सांगतो). जे शिकलो ते ओळीने लिहितोय. लिहितोय ट्रेकच्या हिशेबाने, पण कोकणात पहिल्या पावसात कुर्ल्या पकडायला जाणाऱ्याला किंवा रात्रीची लाईट असते म्हणून शेतात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला पण यातलं बहुतेक सगळं लागू आहे. एक शब्दाचा घोळ आधीच मिटवतो, गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतो ते सेल. मी पण इथे आतल्याला सेलच म्हणणार.

१. आधी ठरवा, हातात धरायचा की डोक्याला बांधायचा

नवीन माणूस इथेच चुकतो, त्याला हातातला टॉर्च म्हणजे खरा टॉर्च वाटतो आणि डोक्याचा म्हणजे खाणकामगाराचा. कळसूबाईला बारी गावातून पहाटे दोनला निघालात की वर लोखंडी शिड्या लागतात, तिथे दोन्ही हात रेलिंगला पाहिजेत, टॉर्च दातात धरून चढणारे लोक मी बघितलेत आणि त्यातला एक मी होतो. तंबू लावताना, चूल पेटवताना, रात्री झाडामागे जाताना पण हात मोकळेच लागतात. म्हणून एकच घ्यायचा असेल तर हेडलॅम्प घ्या, डोळे मिटून.

पण हेडलॅम्पच्या दोन खोडी आहेत त्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते, वाट सपाट दिसते आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसत नाही. हातातला टॉर्च कमरेजवळ धरला की त्याच वाटेवर सावल्या लांब पडतात आणि प्रत्येक खळगा, प्रत्येक सुटा धोंडा वेगळा कळतो. दुसरी खोडी धुक्याची. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर ढग उतरले की हेडलॅम्पचा सगळा उजेड ढगावर आपटून परत डोळ्यात येतो, समोर नुसती पांढरी भिंत. गाडीचे फॉगलॅम्प खाली बसवतात ते याचसाठी. अशा वेळी हेडलॅम्प कपाळावरून काढून हातात घ्यायचा, खाली धरायचा, वाट लगेच उघडते.

मधला मार्ग म्हणजे काटकोनातला टॉर्च, इंग्रजी एल सारखा. पट्ट्यात अडकवला की हेडलॅम्प, काढला की हातातला, क्लिप लावली की सॅकच्या पट्ट्यावर छातीशी. मी गेली काही वर्षं हाच वापरतोय.

२. ल्युमेन समजून घ्या, मग विसरून जा

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. आता थोडा हिशेब करू, एकदाच करायचा आहे आणि मग जन्मभर कोणी फसवू शकणार नाही. आजकालच्या छोट्या टॉर्चमध्ये बहुतेक १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब म्हणून १८६५०. व्होल्टेज ३.६, चांगल्या सेलची क्षमता ३००० एमएएच धरा, गुणाकार केला की झाले जेमतेम ११ वॉट-तास. बरा टॉर्च एका वॉटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे पूर्ण सेलमध्ये साधारण हजार ल्युमेन एक तास, नाहीतर २०० ल्युमेन पाच तास, नाहीतर १०० ल्युमेन दहा तास. एवढीच शिदोरी. कंपनी कुठलीही असो, या शिदोरीच्या पलीकडे फार कोणी जात नाही.

आता माझ्या त्या एक लाखवाल्याकडे बघा. एक लाख ल्युमेन म्हणजे हजार वॉट, म्हणजे घरातली इस्त्री. इस्त्री या सेलवर चालवली तर (चालणार नाहीच, पण समजा) चाळीस सेकंदात सेल खलास.

दुसरं म्हणजे डोळ्याचा स्वभाव. ल्युमेन दुप्पट केले म्हणून डोळ्याला दुप्पट दिसत नाही, दुप्पट वाटायला जवळजवळ चौपट लागतात. त्यामुळे ५०० आणि ७०० मधला फरक वाटेवर कळत पण नाही, आणि त्यासाठी लोक हजार रुपये जास्त मोजतात.

आणि तिसरं, छोट्या टॉर्चचा टर्बो मोड, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेडाचा, हा दाखवायचा दात असतो. बोटाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत हजार ल्युमेन पेटवले की दोनचार मिनिटात हाताला चटका बसतो, आणि चटका बसायच्या आत टॉर्च आपणहून उजेड उतरवतो. यात बिघाड काही नाही, तसंच बनवलेलं असतं.

३. सगळ्यात खालचा मोड कितीचा आहे ते बघा

माझं सगळं म्हणणं या एका पायरीत आहे. दुकानात सगळे विचारतात मॅक्स किती, कोणी विचारत नाही मिन किती. रात्रभराच्या ट्रेकमध्ये टर्बो पाच मिनिटं पण लागत नाही, आणि खालचे मोड तासन्‌तास लागतात.

माझा वापर असा असतो: तंबूत चष्मा शोधायला १ ल्युमेन, त्याच्याहून कमी असेल तर उत्तमच. मॅगी करायला, ताट शोधायला ५ ते १०. मळलेल्या वाटेवर चालायला ५० ते १००, आणि चांदणं असेल तर ३० पण पुरतात. वाट हरवली आणि दगडावर रंगवलेला बाण कुठे गेला ते शोधायचं असेल तर २०० ते ३००, तेही अर्धा मिनिट. त्याच्या वर मी कधी जातो आठवत नाही.

ज्या टॉर्चचा सगळ्यात कमी मोडच १०० ल्युमेनचा आहे तो रात्री तंबूत लावला की स्वतः आंधळे होता आणि बाजूचा शिव्या देतो. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोताने ती क्षणात जाते, परत पहिल्यापासून. म्हणून खालचा मोड खरंच खालचा पाहिजे आणि टॉर्च पेटवताना आधी तोच लागला पाहिजे. काही टॉर्च चालू करताच टर्बोवर उघडतात, मग क्लिक करत करत खाली यायचं आणि वाटेत तो डोळे मिचकावणारा स्ट्रोब पण भेटतो. असला टॉर्च कितीही स्वस्त असला तरी नको. बटण दाबून धरलं की थेट मंद उजेड, ही सोय बघा, आता बऱ्याच टॉर्चमध्ये असते.

४. डब्यावरचा वेळ आणि अंतर कसं वाचायचं

बऱ्या कंपन्या एएनएसआय एफएल१ नावाच्या मापाने आकडे देतात, डब्यावर छोटी छोटी चिन्हं असतात. त्यात वेळ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे "१००० ल्युमेन, ४ तास" लिहिलंय तर चार तास हजार मिळतील असं नाही, कदाचित पहिली तीन मिनिटं हजार, मग बराच वेळ ३००, आणि चौथ्या तासाला १००. खोटं नाही, पण आपल्याला वाटतं ते पण नाही. वेळेचा आलेख कुठे मिळाला तर बघा, १०० ते २०० ल्युमेनवर रेघ किती तास सरळ जाते ते महत्त्वाचं.

अंतराचं पण तसंच. "२०० मीटर" म्हणजे २०० मीटरवर जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो, पाव लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडलेल्या उजेडाचं माप). तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, काय आहे ते कळायला त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, निम्म्यापर्यंत, एवढंच धरा. आणि सह्याद्रीतल्या वाटेला मुळात दोनशे मीटर सरळ दिसतच नाही, वळण येतं नाहीतर कारवी येते. चालायला पसरट झोत लागतो, पायाखालचं आणि दोन्ही बाजूचं गवत एकदम दिसणारा. लांब फेकणारा बारीक झोत म्हणजे नळीतून बघत चालल्यासारखं. मधोमध जरा ठळक आणि बाजूला मऊ पसरलेला असा झोत मिळाला तर तो घ्या.

झूमवाले घेऊ नका. पुढचा भाग सरकतो म्हणजे तिथे फट आली, फट आली म्हणजे पाणी आलं. वर झूम केला की भिंतीवर चौकोनी ठिपका दिसतो तो एलईडीचा फोटो असतो, उजेडाचा निम्मा भाग त्यात आतच अडकलेला.

५. रंगाकडे दुर्लक्ष करू नका

स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). दिसायला जास्त प्रखर वाटतो म्हणून तो खपतो. पण त्यात वाळलेलं गवत, माती, पाचोळा सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं, आणि फुरसं नेमकं पाचोळ्याच्या रंगाचं असतं, घोणस पण. ४००० ते ५००० केल्विनचा उजेड घ्या, आणि डब्यावर सीआरआय लिहिलं असेल तर ९० च्या वरचा. सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे मार्क, साध्या टॉर्चला सत्तरच्या आसपास मिळतात. धुक्यात पण पिवळसर उजेड कमी टोचतो, आणि पावसाळ्यात तोंडावर येणारी पाखरं निळ्यापेक्षा पिवळ्याला कमी येतात.

घरी तपासायचं असेल तर रात्री स्वयंपाकघरातले दिवे बंद करून मिसळणाचा डबा उघडा आणि टॉर्च मारा. तिखट तपकिरी आणि हळद फिकी दिसली तर समजा उजेड फालतू आहे.

लाल उजेडाचा मोड हेडलॅम्पला असेल तर चांगलाच. त्याने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे किंवा राजमाचीला काजवे बघायला जात असाल तर तिथे पांढरा झोत मारणं हा गुन्हा समजा (कायद्याचं नाही म्हणत, माणुसकीचं म्हणतोय), ते बिचारे उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधत असतात आणि आपण त्यात हॅलोजन घेऊन उभे. चालताना लाल, तोही जमिनीकडे, आणि थांबलात की बंद.

६. सेल कुठला

इथे लोक गोंधळतात म्हणून नीट वाचा.

पेन्सिल सेलवाला टॉर्च, म्हणजे एए. फायदा एकच पण मोठा, राजूरच्या किराणा दुकानात पण मिळतो. तोटा म्हणजे शक्ती कमी, चार्जिंगच्या एका चांगल्या पेन्सिल सेलमध्ये २.४ वॉट-तास, म्हणजे १८६५० च्या पावपट पण नाही. अल्कलाईन सेल टॉर्चमध्ये ठेवून वर्षभर विसरलात तर पाझरतो आणि टॉर्च घेऊन जातो. वापरून झाला की सेल काढून ठेवा, आमच्या घरी जुन्या तीन सेलच्या स्टीलच्या बॅटरीला आजोबा हेच करायचे, आम्हाला तेव्हा तो कंजूषपणा वाटायचा.

एएच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. माप तेच, पण पूर्ण चार्ज असताना व्होल्टेज ४.२, पेन्सिल सेलचं फक्त १.५. टॉर्चवर १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं नसेल तर घालू नका, जळेल.

नियमित जाणार असाल तर १८६५० किंवा त्याचा मोठा भाऊ २१७००, सी टाईपने चार्ज होणारा, आणि महत्त्वाचं म्हणजे सेल काढता येणारा. आत सील केलेला सेल दोनतीन वर्षांत थकला की टॉर्चच टाकायचा. सेल निघत असेल तर एक जादाचा डबीत ठेवून नेता येतो, पहाटे तीनला पॉवरबँक शोधत बसायला लागत नाही.

सेल घेताना ९९०० एमएएच लिहिलेला दिसला की पुढे व्हा. १८६५० मध्ये खरे ३५०० च्या आसपासच मिळतात, त्याच्यावर जे लिहिलंय ते कविता आहे. खऱ्या सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम, किचनच्या काट्यावर ठेवून बघा, ३० भरला तर आत काय भरलंय देव जाणे. दोन प्रकार असतात, वरचं टोक सपाट आणि वरचं टोक उंचवट्याचं, काही टॉर्चमध्ये एकच चालतो, घेताना विचारा. सुटा सेल चिल्लर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, शॉर्ट झाला तर पँटला आग लागेल, गंमत नाही करत. आणि हिमालयात वगैरे जाताना विमानात जादाचे लिथियम सेल केबिनच्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

सी टाईपची एक छोटी गोम. काही स्वस्त टॉर्चना भोक सी टाईपचं असतं पण दोन्ही बाजूने सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत, आतला एक चार आण्याचा रेझिस्टर वाचवलेला असतो. जुनी, एका बाजूला चपटी पिन असलेली केबल लागते. गडावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

७. पाणी आणि पडणं

आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नुसत्या रिमझिमीला ४ पुरतो पण आपल्याकडच्या जुलैला रिमझिम म्हणत नाहीत, ओढा ओलांडताना पाय घसरला तर टॉर्च आधी बुडतो, म्हणून ७ किंवा ८ घ्या. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलंय ना हे मात्र दर वेळी तुम्हीच बघायचं, आयपीएक्स तिथे काही करू शकत नाही.

८. आणल्यावर घरी काय करायचं

परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. मोबाईलचा कॅमेरा चालू करून झोत भिंतीवर मारा, स्क्रीनवर काळे पट्टे पळताना दिसले तर टॉर्च फडफडतोय, काही लोकांचं त्याने डोकं चढतं. मधल्या मोडवर रात्री पंख्याखाली लावून ठेवा आणि किती तासांनी मंदावतो ते वहीत लिहा, तो खरा आकडा. मग डोळे मिटून बटण शोधा, कारण अंधारात असंच शोधायचंय, हातमोजे घालत असाल तर हातमोजे घालून. हेडलॅम्प असेल तर उड्या मारा, मान हलवा, कपाळावरून घसरतो का बघा.

आणि लॉक शिका. टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक टॉर्च बंदच राहतात, काहींना चार क्लिकचं लॉक असतं. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन टर्बो लागला तर सेल तर संपतोच, पण कपड्यांना भोकं पडतात, एका मैत्रिणीच्या नव्या विंडचीटरला पडलंय.

९. नेताना

दोन उजेड न्या, एक चांगला आणि एक कसलाही. मोबाईल तिसरा, तो फोन करायला राखून ठेवा. गावातून जाताना झोत खाली ठेवा, लोक ओसरीवर झोपलेले असतात आणि एका घरचं कुत्रं उठलं की वाडी उठते. समोरच्याशी बोलताना हेडलॅम्प वर वळवा किंवा बंद करा, बोलणाऱ्याच्या तोंडावर झोत मारणारे लोक दर ग्रुपला एक तरी असतात. अभयारण्याच्या भागात रात्री जायची परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि झाडीत मोठे झोत फिरवत बसू नका, बॅटरी मारून शिकार करणारे असतात, त्यांच्यात गणना नको.

संकटात सापडलात तर डोंगरात चालणारी खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. ज्याने बघितलं तो मिनिटाला तीन वेळा उजेड दाखवून उत्तर देतो. रेंज असेल तर ११२.

पैशाचं म्हणाल तर मी पहिल्या टॉर्चला हजार-दीड हजाराच्या पुढे जाऊ नका म्हणतो, आणि त्यातले काही चांगल्या सेलला ठेवा. डेकॅथलॉनमध्ये हेडलॅम्प डोक्याला लावून बघता येतो, हा ऑनलाईनपेक्षा मोठा फायदा. सोफिर्न, वर्कोस, कॉन्व्हॉय यांचे हातातले छोटे टॉर्च पैशाच्या मानाने चांगले, पेट्झल आणि फिनिक्स महाग पण टिकतात. शक्य असेल तर पहिल्या ट्रेकला कोणाचा तरी उसना न्या, मग आपल्याला काय लागतं ते आपोआप कळतं.

आणि नाडी. बहुतेक टॉर्चना मागे भोक असतं, त्यात नाडी ओवा आणि मनगटात अडकवा. कळसूबाईच्या वरच्या शिडीवर माझा टॉर्च हातातून निसटला तो याच कारणाने, नाडी डब्यातच राहिली होती. ठण ठण करत खाली गेला आणि कुठल्यातरी कपारीत अडकला, चालूच. मधल्या मोडवर होता, सेल भरलेला, त्यामुळे वर मंदिराशी बसून सूर्य उगवायची वाट बघताना खाली अंधारात तो तसाच पेटलेला दिसत होता, आणि मागून चढणारे लोक त्याच्याकडे बघून हाका मारत होते, अहो, कोण आहे तिकडे.